वेर्नाचे मण्यांचे कोळी

आधीच सांगते, ही ऐकीव गोष्ट नाही.

जिच्या बाबतीत हे घडलं, ती बाई माझ्यापासून चार घरं सोडून राहते. लोरेटा हुदाक. नाव खरं आहे. मी बदलणार होते, तर तीच म्हणाली, "बदलू नकोस. नाव बदललंस की मी सुटले असं होईल."

म्हणून खरंच ठेवलं.

गाव आमचं पेनसिल्व्हेनियातल्या कोळशाच्या पट्ट्यातलं. खाणी बंद पडून जमाना झाला, पण खाणकामगारांची जोडघरं अजून उभी आहेत. एकच इमारत, मधोमध एक भिंत. अलीकडे एक बिऱ्हाड, पलीकडे दुसरं. भिंत इतकी पातळ की शेजाऱ्याला शिंक आली तर आपण 'देव भलं करो' म्हणावं.

वेळ म्हणाल, तर दुपारची. पावणेचार.

हो, दुपारचीच. भूतं रात्री येतात असं ज्यांना वाटतं त्यांनी वाटून घ्यावं. हे लख्ख उजेडात घडलं.

लोरेटाच्या भिंतीपलीकडे वेर्ना मिहालिक राहायची. ब्याऐंशी वर्षांची. नवरा केव्हाच गेलेला. मुलगी रोझॅन तासाभराच्या अंतरावर, ॲलनटाऊनला. वेर्ना म्हणजे आमच्या गल्लीचं हॅलोविन. उगाच नाही म्हणत. ऑक्टोबर उजाडला की गल्लीतल्या प्रत्येक पोर्चवर तिने केलेला मण्यांचा कोळी टांगला जायचा. तांब्याच्या तारेत काळे काचेचे नळीचे मणी ओवून आठ पाय, पोटाला सुपारीएवढा पैलू पाडलेला मणी, आणि मागे पांढऱ्या बारीक मण्यांचं जाळं. संध्याकाळचा दिवा लागला की जाळ्यावर दव पडल्यासारखं वाटायचं. भुताखेतांची सोंगं घेऊन गोळ्या मागत फिरणारी पोरंसुद्धा आधी कोळ्याला हात लावायची, मग गोळ्यांच्या परडीत.

लोरेटाला ही कला वेर्नानेच शिकवली. लोरेटा तेव्हा शाळेची बस चालवायची. नवऱ्याच्या फुप्फुसात कोळशाची धूळ बसलेली. सहा वर्षं तिने त्याचं सगळं केलं. तो गेल्यावर घर खायला उठायचं, तेव्हा वेर्नानेच तिला हाताला धरून टेबलाशी बसवलं होतं.

"पक्कड धर. रडायचं असेल तर रड, पण तार वाकडी करू नकोस."

अशी बाई. तोंडाने फटकळ, पण मनात काही ठेवायची नाही.

दोघींचं एक ठरलेलं होतं. भिंतीवर दोन टकटक म्हणजे कॉफी झाली, ये. तीन टकटक म्हणजे काम आहे, ये.

पंचवीस वर्षं हेच चाललं. फोनची गरजच पडली नाही.

पुढे वेर्नाची नजर अधू झाली. बोटं थरथरायला लागली. पण मणी सुटेनात. मग तीन टकटक वाढल्या. सुईत... म्हणजे तारेत मणी जात नाही, ये. मणी सांडले, ये. काळा कुठला न् जांभळा कुठला सांग, ये.

गेल्या वर्षी ऑक्टोबरात एका सोमवारी तिने अकरा वेळा भिंत वाजवली. अकरा. लोरेटाने मोजल्या होत्या.

अकराव्या वेळी ती गेली, तर वेर्ना काय म्हणाली?

"काही नाही गं. तू केलेला कोळी बघत होते. याला सातच पाय आहेत. लंगडा कोळी कोणाच्या दारात टांगणार, फादरच्या?"

आणि हसली.

एरवी लोरेटाही हसली असती. त्या दिवशी तिला हसू आलं नाही. घरी येऊन तिने दार जरा जोरातच लावलं. सहा वर्षं नवऱ्याच्या हाकेला धावले, आता हिच्या. माझं आयुष्य दुसऱ्याच्या हाकेवर उठण्यातच जायचं का? असं तिच्या मनात आलं. कोणाच्याही येईल.

दुसरा दिवस मंगळवार.

दुपारी साडेतीन ते चार टीव्हीवर तिचा प्रश्नमंजूषेचा कार्यक्रम असायचा. दिवसातला तेवढाच अर्धा तास तिचा स्वतःचा. पायाखाली स्टूल, मांडीवर बशी, बशीत अक्रोडाचा रोल.

पावणेचार वाजले...

टक. टक. टक.

लोरेटा हलली नाही.

टक. टक. टक.

"येते गं जाहिराती लागल्या की," ती स्वतःशीच पुटपुटली.

जाहिराती लागल्या. ती उठली नाही.

टकटक येत राहिली. यावेळी आवाज खालून येत होता, पार जमिनीजवळून. तिला ते जाणवलं होतं. हे तिने मला स्वतः सांगितलं. "खालून येतोय, हे मला कळलं होतं," असं.

तिने रिमोट उचलला.

आणि टीव्हीचा आवाज वाढवला.

टकटक सुरूच. तिने आणखी वाढवला. पडद्यावर कोणीतरी काहीतरी जिंकलं, टाळ्यांचा कडकडाट झाला. टाळ्या थांबल्या तेव्हा भिंत गप्प होती.

'बरं झालं, थकली,' लोरेटाला वाटलं.

रात्री ती शांत झोपली. हेच तिला आज सगळ्यात जास्त टोचतं.

सकाळी भिंत वाजली नाही. नऊ वाजले, दहा वाजले. लोरेटाने स्वयंपाकघरातल्या खिळ्यावरची वेर्नाची किल्ली काढली. हो, किल्ली तिच्याकडेच होती. दार उघडायला अर्धं मिनिट लागलं.

वेर्ना भिंतीच्या कडेला जमिनीवर पडली होती. खुर्चीवरून घसरली असावी. खुबा मोडलेला. हातात पक्कड. भिंतीचा रंग खालच्या बाजूला हाताएवढ्या जागेत टवके उडून गेलेला.

डॉक्टर म्हणाले, पडल्यावर बऱ्याच वेळाने गेली. संध्याकाळपर्यंत तरी होती.

रोझॅन आली. रडत रडत विचारलं, "लोरेटा, तुला काहीच ऐकू आलं नाही?"

लोरेटाने तोंड उघडलं. खरंच सांगायला उघडलं होतं, ती शपथेवर सांगते.

पण बाहेर पडलं ते वेगळंच.

"मी बाजारात गेले होते गं. सहाला आले."

रोझॅनने तिला मिठी मारली. "तू होतीस म्हणून आई इतकी वर्षं एकटी राहू शकली. तुझे उपकार मी विसरणार नाही."

त्या मिठीत आपण उभ्या कशा राहिलो, हे लोरेटाला आजही कळत नाही.

चर्चमध्ये सगळ्यांसमोर रोझॅनने तिचं नाव घेतलं. फादरनी घेतलं. आणि जाताना रोझॅनने आईचे सगळे मणी तिच्या हातात दिले. बिस्किटांचे सात पत्र्याचे डबे. "पुढच्या वर्षी गल्लीतला एकही पोर्च रिकामा दिसू देऊ नकोस. आईसाठी."

लोरेटाने त्याच आठवड्यात टीव्ही उचलून वरच्या झोपायच्या खोलीत नेला. वायरसुद्धा गुंडाळून ठेवली. त्यानंतर त्या घरात टीव्ही लागलेला नाही.

वर्ष गेलं.

यंदा ऑगस्टमध्ये वेर्नाच्या भागात भाडेकरू आली. ब्रियाना नावाची तरुण मुलगी. रुग्णालयात रात्रपाळीची परिचारिका. सकाळी येऊन झोपायची ती संध्याकाळी पाचला उठायची. शांत, गोड पोर. लोरेटाने तिला पिरोगी, म्हणजे आमच्याकडच्या बटाटा भरलेल्या उकडीच्या करंज्या, नेऊन दिल्या. सगळं ठीक चाललं होतं.

ऑक्टोबर लागला. लोरेटाने डबे खाली काढले.

टेबल भिंतीशीच होतं. ती मणी ओवायला बसली.

पहिल्याच दिवशी एक मणी हातातून निसटला. आता आमच्या गावाच्या पोटात बोगदेच बोगदे, त्यामुळे प्रत्येक घराची जमीन कुठेतरी कललेली. लोरेटाच्या खोलीत काहीही सांडलं की खिडकीकडे घरंगळत जातं. तीस वर्षं तसंच जातं.

तो मणी भिंतीकडे गेला.

चढावर...

सावकाश, जराही न अडखळता. भिंतीच्या तळाशी जाऊन थांबला.

लोरेटाने दुसरा मणी मुद्दाम टाकला. तोही भिंतीकडे.

तिसरा.

तोही.

तिने घड्याळात पाहिलं. पावणेचार.

'जमीन पुन्हा खचली असेल,' तिने स्वतःला समजावलं. आमच्याकडे खचतेच.

चार वाजता तिने आणखी एक मणी टाकला. तो गुपचूप खिडकीकडे गेला.

त्यानंतर चौथ्या दिवशी संध्याकाळी दार वाजलं. ब्रियाना उभी. डोळे तांबारलेले.

"मिसेस हुदाक, राग मानू नका. एक विचारू?"

"विचार ना पोरी."

"तुम्ही दुपारी भिंतीवर काही ठोकता का? खिळे वगैरे?"



"कधी?"

"रोजच. पावणेचारच्या सुमाराला. मी गाढ झोपेत असते. तीनदा वाजतं, थांबतं, पुन्हा तीनदा. चांगलं दहा-पंधरा मिनिटं. चादर डोक्यावर घेतली तरी ऐकू येतं."

"अगं, मी तर तिथेच बसलेली असते. भिंतीला लागून. काहीच वाजत नाही."

"येतं तुमच्याच बाजूने. आणि खालून येतं... जमिनीपासून वीतभर वर. तुमच्याकडे कोणी लहान मूल येतं का?"

"नाही."

"मग कुत्रा?"

"नाही गं."

ब्रियाना ओशाळली. "पाईप असतील. जुनी घरं ना." असं म्हणून गेली.

लोरेटा दार लावून तिथेच उभी राहिली. वर्षभर तिला एकाच गोष्टीची धास्ती होती, की एक दिवस भिंत वाजेल. ती वाजेल म्हणून ती रात्र रात्र जागली होती.

आणि भिंत वाजत होती. रोज.

तिला तेवढी ऐकू येत नव्हती.

दुसऱ्या दिवशी ती साडेतीनपासून भिंतीला कान लावून बसली. पावणेचार वाजले. पाहिलं तर टेबलावरचे मणी बशीतल्या बशीत एका कडेला सरकलेले, भिंतीच्या कडेला. आवाज काही नाही. भिंत थंडगार. चार वाजले.

पाच वाजता ब्रियाना आली, हातात मोबाइल.

"आज मी रेकॉर्डच केलं. तुम्हीच ऐका. नाहीतर तुम्हाला वाटायचं, ही पोर खुळी आहे."

तिने मोबाइल टेबलावर ठेवला, दोघी वाकल्या.

"हे बघा, सुरू झालं," ब्रियाना म्हणाली. बोटाने टेबलावर ताल धरला. एक, दोन, तीन. एक, दोन, तीन. "येतंय ना ऐकू?"

लोरेटाला टकटक ऐकू येत नव्हती.

तिला वेगळंच ऐकू येत होतं.

भिंतीपलीकडून यावा तसा, दबका... टीव्हीचा आवाज.

सूत्रधार प्रश्न विचारत होता. लोक हसत होते. आणि मग मधेच तो आवाज मोठा झाला. कोणीतरी मुद्दाम वाढवावा तसा. थोड्या वेळाने आणखी मोठा. मग टाळ्या.

"टीव्ही..." लोरेटा कशीबशी म्हणाली. "हा टीव्ही कोणाचा?"

ब्रियानाने तिच्याकडे विचित्र नजरेने पाहिलं. "कुठला टीव्ही? यात टीव्ही नाहीये, मिसेस हुदाक. माझ्याकडे तर टीव्हीच नाही."

मला हे सांगताना लोरेटाने इथे कप बाजूला सारला. कॉफीवर साय धरली.

मग म्हणाली, "वर्षभर मी स्वतःची एकाच गोष्टीवर समजूत घालत होते. वाटायचं, वेर्नाला काय माहीत मी घरी होते की नव्हते. तिला वाटलं असेल, लोरेटा बाजारात गेली असेल, येईल. त्या आशेवर ती गेली असेल. एवढा एकच आधार होता मला."

तोही गेला.

वेर्नाला टीव्ही ऐकू येत होता. तो वाढवलेला कळत होता. प्रत्येक वेळी.

पुढचे दोन दिवस लोरेटाने मण्यांना हात लावला नाही. तिसऱ्या दिवशी ती ब्रियानाकडे गेली. "आज दुपारी मला तुझ्याकडे बसू दे. त्या भिंतीशी. का ते विचारू नकोस."

पोर बिचारी भली. तिने खुर्ची दिली.

"खुर्ची नको," लोरेटा म्हणाली आणि जमिनीवर बसली. जिथे वेर्ना सापडली होती, तिथेच. भिंतीला नवा रंग दिला होता, पण हात फिरवला की खड्डे लागत होते.

ब्रियाना दाराच्या चौकटीत उभी राहिली.

लोरेटाचं घर पलीकडे कुलूपबंद होतं. किल्ली तिच्या मुठीत.

पावणेचार...

टीव्ही सुरू झाला.

यावेळी मोबाइलमधून नाही. भिंतीतून. शब्द न् शब्द कळत होता. खुर्ची करकरली, तीही कळली. बशीवर काटा वाजला, तोही. इतकं सगळं ऐकू येतं या बाजूला! पंचवीस वर्षांत तिला कधी कळलंच नव्हतं.

पलीकडे कोणीतरी पुटपुटलं.

"येते गं जाहिराती लागल्या की..."

तिचाच आवाज.

लोरेटाने मूठ उचलली आणि भिंतीवर मारली. तीनदा.

टीव्ही मोठा झाला.

तिने पुन्हा मारली. "अगं ये! ऊठ ना! ऊठ, किल्ली आहे तुझ्याकडे! ये!"

आणखी मोठा.

मग टाळ्या. त्या संपेचनात. ती मारत राहिली. ओरडत राहिली. टाळ्या थांबल्या तेव्हा खोलीत फक्त ब्रियानाच्या फ्रीजची घरघर होती. ब्रियाना तिच्या खांद्याला धरून हलवत होती. पोर पांढरी फटक पडली होती.

"मी मारत होते ते दिसलं ना तुला?" लोरेटाने विचारलं.

ब्रियानाने मान हलवली. नाही.

"तुम्ही नुसत्या बसला होता. हात मांडीवर. तोंडातून शब्दसुद्धा काढला नाहीत. आणि भिंत... भिंत पलीकडून वाजत होती, रोजच्यासारखी."

ब्रियाना त्या रात्री कामावर गेली ती परत आलीच नाही. सामान न्यायला तिचा भाऊ आला.

हॅलोविन गुरुवारी होता. आमच्याकडे पोरांची फेरी संध्याकाळी सहा ते आठ. रोझॅन चारलाच आली, आईचे कोळी स्वतःच्या हाताने टांगायचे म्हणून. लोरेटाने कसेबसे सगळे पुरे केले होते. दोघींनी मिळून शिडी लावून पोर्चपोर्चवर टांगले. रोझॅन खूश होती.

"आईने बघितलं असतं तर म्हणाली असती, अजून याला सातच पाय," ती हसत म्हणाली. "तुझी फार टिंगल करायची ना?"

शेवटच्या पोर्चवर लोरेटा शिडी धरून उभी होती. तिने शिडी सोडली नाही, पण बोलली.

"रोझॅन, मी बाजारात नव्हते."

"कधी?"

"त्या मंगळवारी. मी घरी होते."

रोझॅन शिडीवरच थांबली. हातात कोळ्याची तार तशीच.

"तिने भिंत वाजवली. मला ऐकू आली. खूप वेळ वाजवली. मी टीव्ही मोठा केला."

खालच्या गल्लीत कोणाचं तरी चिमुरडं आधीच चेटकिणीची टोपी घालून धावत होतं. त्याची आई ओरडत होती, "अजून सहा वाजले नाहीत!"

रोझॅन एकेक पायरी उतरली.

"किती वेळ?"

"पंधरा मिनिटं. जास्तच असेल."

"आणि किल्ली?"

"होती."

लोरेटा वाट बघत होती. शिव्यांची, थोबाडीत बसायची. तिला ती हवी होती.  रोझॅनने फक्त शिडी उचलली, पुन्हा पहिल्या पोर्चपासून सुरुवात केली आणि एकेक कोळी काढून खोक्यात भरला. लोक दारात येऊन बघायला लागले. एकदोघांनी विचारलं, "काय झालं गं?" ती पुढच्या पोर्चकडे गेली. शेवटी लोरेटाच्या घरात जाऊन सातही डबे उचलून गाडीत ठेवले.

गाडीत बसताना फक्त एवढं म्हणाली.

"त्या दिवशी मी तुला मिठी मारली होती, लोरेटा."

त्या संध्याकाळी आमची गल्ली पहिल्यांदा बोडकी दिसली. पोरं आली, गोळ्या घेतल्या आणि गेली.

आता तुम्ही म्हणाल, कबूल केलं, संपलं. लोरेटालाही तसंच वाटलं होतं. रिकाम्या शेजारात आता ऐकायलाच कोणी नव्हतं. तिने मला सांगितलं, फादरना सांगितलं, विचारेल त्याला सांगितलं. कोणी बोलेनासं झालं, कोणी जास्तच गोड बोलायला लागलं. तिने दोन्ही सोसलं.

नोव्हेंबरच्या दुसऱ्या आठवड्यात तिचा फोन वाजला.

रोझॅन.

"ठेवू नकोस," रोझॅन म्हणाली. "भांडायला नाही केलाय."

"बोल."

"तुला... टकटक ऐकू येत नव्हती म्हणे? त्या मुलीला यायची, आणि तुला नाही?"

हे लोरेटाने तिला सांगितलंच नव्हतं. ब्रियानाने सांगितलं असेल. किंवा फादरनी. आम्हाला अजून कळलेलं नाही.

"हो," लोरेटा म्हणाली. "मला नाही यायची."



"मी आईचे डबे घरी आणल्यापासून... माझा नवरा रोज म्हणतो, तुझा फोन वाजतोय, उचल ना. दुपारी. पावणेचारच्या आधी, साडेतीनला वगैरे. मी बघते. फोन गप्प असतो. मला काहीच ऐकू येत नाही, लोरेटा. तो म्हणतो, अगं किती वेळ वाजतोय..."



मग रोझॅन अगदी हळू आवाजात म्हणाली, "तिने मला फोन केला होता. पडायच्या आधी. बरं वाटत नव्हतं तिला, म्हणून असेल. माझ्या फोनवर नाव आलं होतं. मी म्हटलं, हिचं नेहमीचंच, रात्री करू. कोणालाच सांगितलं नाही मी. नवऱ्यालाही नाही."

दोघी फोन धरून बसल्या. तासभर.

आता त्या रोज दुपारी साडेतीनला एकमेकींना फोन लावतात आणि सव्वाचारपर्यंत ठेवत नाहीत. त्याने काही थांबतं का, मी विचारलं. लोरेटा म्हणाली, "आम्हाला कसं कळणार?"

हे सगळं मी लिहून का काढलं, तेही सांगते.

आमच्या दारात कोळी टांगून झाल्यावर आम्ही बहिणीकडे निघून गेलो, रोझॅन कोळी काढत आली तेव्हा घरी नव्हतो. पोर्चचं फाटक बंद होतं. त्यामुळे आमच्या दारातला कोळी तसाच राहिला. गल्लीत तेवढा एकच. मी काढणार काढणार म्हणते, हात होत नाही.

काल दुपारी साडेतीनच्या सुमाराला मी स्वयंपाकघरात भांडी पुसत होते. नवरा बाहेरच्या खोलीत पेपर वाचत होता.

तिथूनच ओरडला, "अगं, दार वाजतंय कधीचं! बघ ना कोण आहे!"

मी हातातली बशी खाली ठेवली. कान दिला.

मला काहीच ऐकू आलं नव्हतं.

गेल्या वर्षी त्या मंगळवारी दुपारी दार वाजलं तेव्हा मी कुठे होते, ते मी इथे लिहिणार नाही.